छोट्या देशांचे खेळाडू हिवाळी ऑलिम्पिकला बोलावले जातात की पात्र ठरतात?

मृदुला_सहकारनगर

नमस्कार. मी पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीच्या वर्गाला भूगोल शिकवते. या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी मुलांनी ‘बर्फावरचे खेळ’ हा विषय निवडला. विषय त्यांचा, मांडणीही त्यांचीच. मी फक्त शुद्धलेखन तपासते. काल मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात गेले, तेव्हा निळ्या कार्डशीटच्या अगदी मध्यभागी त्यांनी टोंगा या प्रशांत महासागरातील बेटांच्या देशाचा ध्वजवाहक पीता ताऊफातोफुआ याचे छायाचित्र चिकटवलेले होते. ते २०१८ सालच्या प्योंगचांग येथील उद्घाटन सोहळ्यातील आहे: गोठवणाऱ्या थंडीत उघडे, तेलाने चकाकणारे अंग, कमरेला विणलेल्या चटईसारखे पारंपरिक वस्त्र आणि हातात देशाचा लाल झेंडा. त्याखाली एका मुलाने जांभळ्या स्केचपेनने लिहिले आहे, ‘१५ किलोमीटर क्रॉस-कंट्री स्कीइंग, ११६ जणांत ११४वा’. स्कीवरून बर्फात लांब अंतर कापण्याची ती शर्यत ज्याने जिंकली त्या स्वित्झर्लंडच्या दारिओ कोलोन्याचे छायाचित्र मात्र उजव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे आहे.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हे पाहिले आणि दोन्ही छायाचित्रांची अदलाबदल करावी असे सुचवले. त्यांचे म्हणणे मी जसेच्या तसे मांडते, कारण ते मला टाकून देण्यासारखे वाटत नाही. ते म्हणाले की, आठवीच्या वयात मुलांच्या मनावर जे ठसते ते पुढे पुसले जात नाही. नुसते जाऊन आले की कौतुक होते, असे त्यांना वाटू लागले तर पहाटे उठून मैदानावर येणाऱ्या मुलांनी काय समजायचे? यावर मी काही बोलण्याच्या आतच पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाई, पण त्याला बोलावलं होतं की तो पात्र ठरला होता?”

मला उत्तर देता आले नाही. ज्या देशात बर्फ पडत नाही, ज्याची लोकसंख्या लाखाच्या आसपास आहे, त्या देशाचा माणूस तिथे नेमका कोणत्या नियमाने पोहोचतो? त्याने काय केलेले असते? आणि जाणकारांच्या मते मधले छायाचित्र कोणाचे असावे? भित्तिपत्रक शुक्रवारी प्रार्थनेनंतर लागते, म्हणून त्याआधी उत्तरे मिळाली तर आभारी राहीन.

बावधनचा_श्रीरंग

मृदुलाताई, आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. तिला सांगा, तो पात्र ठरला होता.

हिवाळी ऑलिम्पिकमधल्या स्कीइंगच्या प्रकारांत आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची गुणपद्धत चालते आणि तिची रीत आपल्या परीक्षेच्या बरोबर उलटी आहे: गुण जितके कमी, तितका खेळाडू चांगला. जगातल्या अव्वल खेळाडूंचे गुण शून्याच्या आसपास असतात. प्रत्येक मान्यताप्राप्त शर्यतीत तुम्ही विजेत्याच्या किती मागे राहिलात आणि त्या शर्यतीत मुळात किती तगडे खेळाडू होते, या दोन्हींवरून तुमचे गुण ठरतात. अव्वल खेळाडूंसाठीची पातळी वेगळी असते. ज्या देशांकडे त्या पातळीचा एकही खेळाडू नाही, त्यांना एक पुरुष आणि एक स्त्री पाठवण्याची मुभा मिळते, परंतु त्या दोघांनाही एक किमान मर्यादा ओलांडावीच लागते. क्रॉस-कंट्रीत ही मर्यादा ३०० गुणांची होती, आणि ती एखाद्या शर्यतीत नशिबाने गाठून भागत नाही, अनेक शर्यती मिळून गाठावी लागते. म्हणजे दार अरुंद आहे, पण उघडे आहे, आणि आत ढकलून देणारे कोणी नाही.

ताऊफातोफुआ मूळचा तायक्वांदोचा खेळाडू. २०१६ साली रिओला तो त्याच खेळात उतरला होता आणि तेल लावलेले ते अंग जगाने पहिल्यांदा तिथे पाहिले. त्यानंतर त्याने क्रॉस-कंट्री हा सहनशक्तीचा, अत्यंत तांत्रिक खेळ निवडला. बर्फ नाही म्हणून त्याने चाकांच्या स्कीवर, डांबरी रस्त्यावर सराव केला. तशा शर्यतींतून काही गुणही मिळवले. मग प्रत्यक्ष बर्फावरचा निकाल हवा म्हणून तो युरोपभर भटकला आणि वारंवार कमी पडला. शेवटी पात्रतेची मुदत संपता संपता आइसलँडच्या वायव्य टोकावरच्या इसाफ्योर्दुर या गावातील शर्यतीत त्याला हवा तो निकाल मिळाला.

इथे मला स्वतःचा अनुभव लिहावासा वाटतो, कारण त्याशिवाय ११४ या आकड्याचे वजन कळत नाही. मी कामानिमित्त चार वर्षे ओस्लोमध्ये होतो आणि वयाच्या तिशीत हा खेळ शिकलो. क्रॉस-कंट्रीच्या स्की, म्हणजे पायांना जोडायच्या लांब पट्ट्या, हाताच्या चार बोटांपेक्षाही अरुंद असतात. बुटाचा फक्त चवडा पट्टीला जोडलेला असतो आणि टाच मोकळी राहते. सपाटीवर उभे राहणेच आधी शिकावे लागते, कारण वजन किंचित मागे गेले की पट्ट्या पुढे निघून जातात आणि माणूस पाठीवर पडतो. चढ आला की पाय मागे घसरतात. मग सगळा भार हातांतल्या काठ्यांवर येतो. पहिल्या रविवारी मी तीन किलोमीटर गेलो, आणि सोमवारी सकाळी सदरा घालताना माझे हात खांद्यांच्या वर जाईनात. चार हिवाळे नियमित सराव केल्यावरही १५ किलोमीटरला मला सव्वा तास लागत असे. ताऊफातोफुआने प्योंगचांगमध्ये ते अंतर ५६ मिनिटे ४१ सेकंदांत पूर्ण केले. कोलोन्याला ३३ मिनिटे ४४ सेकंद लागली. दोघांत जवळजवळ २३ मिनिटांचे अंतर आहे हे खरे, आणि ते मुलांपासून लपवू नये. पण पहिल्यांदा बर्फावर उभे राहिल्यापासून इतक्या थोड्या काळात तिथवर येणे म्हणजे काय, हे ज्याने त्या पट्ट्या पायांत घातल्या आहेत त्याला नक्की कळते.

त्या दिवशी सर्वांत शेवटी मेक्सिकोचा हेर्मान माद्रासो आला. तो ४३ वर्षांचा होता आणि हातात देशाचा झेंडा घेऊन त्याने शेवटचे मीटर पार केले. ताऊफातोफुआ, मोरोक्कोचा, कोलंबियाचा आणि पोर्तुगालचा असे त्याच्याच आगेमागे पोहोचलेले खेळाडू रेषेपलीकडे थांबून होते. त्यांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले.

या खेळात थांबण्याची ही रीत जुनी आहे. १९९८ साली नागानोला केनियाचा फिलिप बोइट १० किलोमीटरच्या शर्यतीत ९२वा, म्हणजे शेवटचा आला, विजेत्यानंतर सुमारे वीस मिनिटांनी. नॉर्वेचा विजेता ब्योर्न देली पदकप्रदान सोडून अंतिम रेषेपाशी त्याची वाट पाहत थांबला आणि त्याला मिठी मारली. बोइटने पुढे आपल्या मुलाचे नाव देली ठेवले. २०२२ साली बीजिंगला फिनलंडचा ईवो निस्कानेन १५ किलोमीटर जिंकल्यावर कोलंबियाच्या शेवटच्या स्पर्धकासाठी असाच थांबला. नॉर्वे आणि फिनलंडच्या या दिग्गजांना त्या रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाबद्दल काय वाटते, हे आपल्या सहकाऱ्यांना अवश्य सांगावे.

जुने_मैदान

मृदुलाताई, मी मुलांना लांब पल्ल्याचे धावणे शिकवण्यात आयुष्याची तीस वर्षे घालवली आहेत, म्हणून आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची बाजू मी मांडतो. श्रीरंग यांनी लिहिलेले सारे खरे आहे. पण त्यांनी सर्वांत प्रामाणिक उदाहरण निवडले आहे, आणि त्या उघड्या दारातून सगळेच प्रामाणिकपणे आत येत नाहीत.

त्याच प्योंगचांगमध्ये फ्रीस्टाइल स्कीइंगच्या हाफपाइप प्रकारात हंगेरीच्या वतीने एलिझाबेथ स्वेनी ही अमेरिकेत जन्मलेली खेळाडू उतरली होती. या प्रकारात अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या मार्गाच्या दोन्ही भिंतींवरून उंच उडी घेऊन हवेत गिरक्या घ्यायच्या असतात. तिने एकही अवघड कसरत केली नाही. ती नुसती एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सावकाश घसरत गेली आणि २४ जणींत २४वी आली. जिथे स्पर्धक कमी असतात अशा विश्वचषकाच्या फेऱ्यांना वर्षभर हजर राहायचे आणि पडायचे नाही, एवढ्यावर तिने पात्रता जमवली होती. तिने नियम मोडला नाही. पण ज्या मुली हवेत गिरकी घेताना गुडघे मोडून घेतात, त्यांच्या शेजारी तिला उभे करून मी माझ्या विद्यार्थ्यांना काय शिकवू?

टोंगाचेच दुसरे उदाहरण घ्या. २०१४ साली सोचीला ल्यूजमध्ये, म्हणजे पाठीवर झोपून पाय पुढे ठेवून बर्फाच्या वळणावळणाच्या नळीतून उतरण्याच्या खेळात, टोंगाचा जो खेळाडू होता, त्याने एका जर्मन अंतर्वस्त्र कंपनीचे नावच स्वतःचे कायदेशीर नाव म्हणून धारण केले होते. तो ३२वा आला. खेळाडू म्हणून तो मेहनती होता यात शंका नाही. परंतु छोट्या देशाच्या झेंड्याखाली मोठ्या देशाच्या कंपनीची जाहिरात घसरत जाते, याचे मला मनापासून दुःख होते. बोइटच्या मागेही बुटांच्या एका बड्या कंपनीचा पैसा होता, हे श्रीरंग यांनी लिहायला हवे होते.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. छोटा देश म्हटले की आपण त्याला शेवटच्या रांगेत उभे करून टाळ्या वाजवतो, ही आपली सवय मला पटत नाही. लिख्टेनस्टाइन पाहा. १६० चौरस किलोमीटरचा देश, पुणे महापालिकेच्या हद्दीपेक्षाही लहान. लोकसंख्या ४० हजारांच्या घरात, म्हणजे आपल्या एखाद्या प्रभागातही त्याहून जास्त माणसे राहतात. या देशाची हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दहा पदके आहेत, आणि दहाच्या दहा अल्पाइन, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने उतरण्याच्या स्कीइंगमधली. उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये एकही पदक नसताना हिवाळी पदके मिळवणारा जगात हा एकच देश आहे. १९७६ साली इन्सब्रुकला हान्नी वेन्झेल आणि विली फ्रॉमेल्ट यांनी स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांना वळसे घालत उतरण्याच्या प्रकारात, एकेक कांस्यपदक आणले. १९८० साली लेक प्लॅसिडला हान्नीने स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये सुवर्ण, तर डाउनहिल या सर्वांत वेगवान प्रकारात रौप्य मिळवले. तिचा भाऊ आंद्रेआसने जायंट स्लॅलममध्ये रौप्य मिळवले. एका घरातल्या दोन भावंडांनी एकाच ऑलिम्पिकमध्ये चार पदके घरी नेली!

पुढची गोष्ट तर मी माझ्या प्रत्येक तुकडीला सांगत आलो. हान्नीची मुलगी टीना वायराथर हिच्या गुडघ्याचे अस्थिबंध पुन्हा पुन्हा तुटले. २०१०चे ऑलिम्पिक तिला दुखापतीमुळे मुकावे लागले. २०१४ साली ती देशाची ध्वजवाहक होती, पण सरावात पडून जखमी झाली आणि एकाही शर्यतीत उतरू शकली नाही. २०१८ साली ताऊफातोफुआ जिथे ११४वा आला, त्याच प्योंगचांगमध्ये तिने सुपर-जी या अल्पाइन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या देशाला तीस वर्षांनी मिळालेले ते पदक होते.

तेव्हा छोट्या देशाचा खेळाडू मध्यभागी हवाच असेल, तर टीनाला मध्यभागी लावा, असे मी सुचवतो.

हिमांगी_सिंहगड

मी गिर्यारोहक आहे. शनिवारी पहाटे सिंहगडावर जाणाऱ्यांपैकी काहींनी मला पाठीवर दगडांची पिशवी घेऊन चढताना पाहिले असेल. दहा वर्षांपूर्वी मी गुलमर्गला स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम केला. जुने_मैदान सरांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, परंतु लिख्टेनस्टाइनच्या उदाहरणात एक गोष्ट सांगायची राहून गेली, आणि तीच या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

लिख्टेनस्टाइन लहान आहे, पण तो आल्प्समध्ये आहे. मुलांना शाळेतून सुटल्यावर उतार मिळतो, एका बाजूला स्वित्झर्लंड, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया. टीना वायराथरने सराव स्वित्झर्लंडच्या संघाबरोबर केला आणि तिचे वडील हार्टी वायराथर हे ऑस्ट्रियाचे, १९८२चे डाउनहिलमधील विश्वविजेते. तिच्या जिद्दीला यामुळे काडीचाही उणेपणा येत नाही. मात्र देश किती मोठा यापेक्षा उतार किती जवळ आहे, यावर या खेळात फार काही ठरते. नुसता बर्फ असूनही भागत नाही: आइसलँडला नावातच बर्फ आहे, तिथे बर्फाची कमतरता नाही, तरी २०२२पर्यंत त्यांना हिवाळी ऑलिम्पिकमध्ये एकही पदक मिळालेले नव्हते.

या अर्थाने आपला देश एवढा मोठा असूनही हिवाळी खेळांत छोटाच आहे. शिवा केशवन हा मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा. ऑस्ट्रियाचे माजी ल्यूजपटू ग्युंटर लेमेरर नव्या देशांत हा खेळ रुजवण्यासाठी चाके लावलेल्या घसरगाड्या घेऊन भारतात आले, तेव्हा शाळकरी शिवाने त्यांच्या शिबिरात हा खेळ पहिल्यांदा पाहिला. १९९८ साली नागानोला तो सोळा वर्षांचा होता आणि घसरगाडी उसनी होती. त्यानंतर २०१८पर्यंत सलग सहा ऑलिम्पिक. सरावासाठी बर्फाचा मार्ग देशात नाही, म्हणून तो हिमाचलच्या घाटरस्त्यावर चाकांच्या गाडीवर झोपून उतरत असे. समोरून मालमोटारी, मेंढ्यांचे कळप, वळणावर काय येईल याचा नेम नाही. २०१४ साली तर आपल्या ऑलिम्पिक संघटनेवर निलंबन असल्यामुळे सोचीच्या उद्घाटनाला त्याला आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना तिरंग्याशिवाय, ऑलिम्पिकच्या झेंड्यामागून चालावे लागले. स्पर्धा सुरू असतानाच निलंबन उठले आणि समारोपाला तिरंगा आला. एवढे सगळे करून त्याचा सर्वांत चांगला क्रमांक २५वा. मी तो क्रमांक मान खाली घालून सांगत नाही.

गुलमर्गच्याच आरिफ खानने २०२२ साली बीजिंगला स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये भाग घेतला. त्या वेळी तो भारताचा एकमेव खेळाडू होता. स्लॅलमची पात्रता त्याने दुबईत, छताखालच्या कृत्रिम बर्फावरच्या शर्यतींतून मिळवली. काश्मीरच्या मुलाला बर्फावरची पात्रता वाळवंटात जाऊन मिळवावी लागली, कारण गुणांसाठी मान्य असलेली शर्यत घरी होत नव्हती.

आता क्रमांकाबद्दल, कारण मुलांना फळ्यावर काढून दाखवता येईल अशी ही गोष्ट आहे. अल्पाइन स्कीइंगमध्ये सगळे एकाच वेळी सुटत नाहीत; एकामागून एक उतरतात, आणि उतरण्याचा क्रम गुणांवरून लागतो. सर्वांत चांगले खेळाडू आधी उतरतात. पट्ट्यांच्या कडा पोलादी आणि धारदार असतात. प्रत्येक खेळाडू खांबाला वळसा घालताना त्या कडेने बर्फ कापतो, आणि सगळे जण जवळजवळ एकाच रेषेने वळतात. तीस-चाळीस जण उतरून गेले की प्रत्येक खांबापाशी चर पडतो, मग तो खोल होतो, त्याच्या तळाशी गुळगुळीत बर्फ उघडा पडतो. गुलमर्गला आमची अवघी बारा जणांची तुकडी एका बाळबोध उतारावरून सहा बांबूंना वळसे घालत उतरत असे. मी दहाव्या क्रमांकावर होते. पहिल्या मुलीला जिथे मऊ बर्फ मिळाला, तिथे माझा पाय चराच्या कडेवर आपटला, कडक प्लास्टिकच्या बुटात नडगी दाबली गेली आणि वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढली. बांबूच्या पुढे दोन हात अंतरावर मी डोक्यावर आदळले. तेव्हापासून शेवटच्या क्रमांकांवरून सुटणाऱ्यांची शर्यत मी वेगळ्या नजरेने पाहते. छोट्या देशाचा, कमी शर्यती मिळालेला खेळाडू नेहमी सर्वांत खराब मार्गावरून उतरतो, आणि घड्याळ मात्र त्याला पहिल्याशीच ताडून पाहते. बीजिंगच्या जायंट स्लॅलमच्या दिवशी वर जोराचा हिमवर्षाव होता आणि सुरुवात केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. आरिफने दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या आणि तो ४५वा आला. तीन दिवसांनी स्लॅलममध्ये मात्र पहिल्याच फेरीत तो बाहेर पडला.

सरावाच्या संधीतील ही विषमता किती जिवावर बेतू शकते, हेही मुलांना, निदान मोठ्या मुलांना, कळावे असे मला वाटते. १२ फेब्रुवारी २०१० रोजी, व्हँकुव्हर ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, जॉर्जिया या छोट्या देशाचा २१ वर्षांचा ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली व्हिस्लर येथील मार्गावर सरावाच्या फेरीत ताशी १४० किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर फेकला गेला आणि खांबावर आदळून मरण पावला. तो मार्ग जगातील सर्वांत वेगवान मार्गांपैकी होता. यजमान देशाच्या खेळाडूंना त्यावर सरावासाठी पाहुण्यांपेक्षा कितीतरी जास्त फेऱ्या मिळाल्या होत्या, अशी तक्रार अनेक देशांनी आधीच केली होती. अपघातानंतर पुरुषांची सुरुवातीची जागा खाली आणली गेली, भिंत उंच केली गेली. त्याच संध्याकाळी जॉर्जियाचा उरलेला संघ दंडावर काळ्या फिती लावून मैदानात आला आणि सारे मैदान उभे राहिले. शिवा केशवन त्याच मार्गावर त्याच स्पर्धेत उतरला होता. नोदार, जॉर्जियातील बाकुरियानी गावचा तो मुलगा, गेला तेव्हा मी माझ्या पहिल्या हिमालयीन मोहिमेची तयारी करत होते. त्याचे छायाचित्र कापून मी सामानाच्या यादीच्या वहीत ठेवले होते, ते अजून तिथेच आहे.

बावधनचा_श्रीरंग

जुने_मैदान सरांचा आक्षेप मान्य आहे. बोइटमागच्या पैशाचा उल्लेख मी करायला हवा होता. मात्र पळवाटा दिसल्या की त्या बुजवल्या जातात, हेही नोंदवतो. १९८८ साली कॅल्गरीला ब्रिटनचा स्की-उडीपटू एडी एडवर्ड्स दोन्ही प्रकारांत शेवटचा आला आणि जगभर लाडका झाला. त्यानंतर दोन वर्षांतच नियम आला की, ऑलिम्पिकला येऊ इच्छिणाऱ्याने आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिल्या ३० टक्क्यांत किंवा पहिल्या ५० जणांत यावे. त्याच कॅल्गरीत जमैकाची बॉबस्ले, म्हणजे बर्फाच्या वळणदार मार्गावरून चौघांनी बसून उतरण्याची, गाडी उलटली होती आणि चौघे तिच्याबरोबर चालत अंतिम रेषेपर्यंत आले होते. तोच देश १९९४ साली लिलेहामरला चौघांच्या प्रकारात १४वा आला, अमेरिकेच्या गाड्यांच्या पुढे. १९८८ साली त्यांना परत पाठवले असते तर १९९४ झालेच नसते.

जुने_मैदान

जमैकाचे उदाहरण मला माहीत होते, पण या प्रश्नाशी जोडून मी ते कधी पाहिले नव्हते. हिमांगीताईंनी चरांबद्दल लिहिलेले वाचून मी रात्री उशिरापर्यंत विचार करत होतो. आमच्याकडे धावण्याच्या शर्यतीत सगळ्यांना माती तरी सारखी मिळते.

टीना मध्यभागी असावी, हे माझे मत कायम आहे. परंतु ताऊफातोफुआला काढून टाका, असे मी आता म्हणणार नाही. एक सूचना करतो: क्रमांकाखाली वेळ लिहा. ‘११६ जणांत ११४वा’ यातून मुलांना काहीच कळत नाही. ५६ मिनिटे ४१ सेकंद म्हटले की जो मुलगा स्वतः धावतो, त्याला नेमके कळते.

मृदुला_सहकारनगर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली सर्व उत्तरे मी आज वर्गात वाचून दाखवली. कुमारिताश्विलीचा परिच्छेद वाचताना वर्ग पूर्ण शांत होता. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिने ‘तो पात्र ठरला होता’ हे वाक्य वहीत लिहून घेतले आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मधले छायाचित्र कोणाचे, यावर मुलांनी तास संपेपर्यंत वाद घातला आणि शेवटी मधली जागाच काढून टाकली. आता कार्डशीटच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एक पांढरी पट्टी आहे आणि तिच्यावर मिनिटे आखलेली आहेत. ३३ मिनिटे ४४ सेकंदांवर कोलोन्या, ५६ मिनिटे ४१ सेकंदांवर ताऊफातोफुआ, दोघांची छायाचित्रे सारख्याच मापाची. टीना, शिवा केशवन आणि आरिफ खान यांच्यासाठी खाली स्वतंत्र चौकटी केल्या आहेत. हिमांगीताई, आपण सांगितलेला चराचा छेद एका मुलाने भूगोलाच्या वहीतल्या नदीच्या पात्रासारखा काढला आहे: पहिल्या खेळाडूनंतर, तिसाव्यानंतर, सत्तराव्यानंतर.

ज्येष्ठ सहकारी आज पुन्हा आले. पट्टीवर दोन्ही छायाचित्रांच्या मध्ये जी मोठी मोकळी जागा उरली आहे, तिच्याकडे बराच वेळ पाहून त्यांनी मुलांना विचारले की, आपल्या शाळेच्या मैदानाला किती फेऱ्या मारल्या म्हणजे १५ किलोमीटर होतात. आमचे मैदान लहान आहे. मुलांनी मोजपट्टी आणली, हिशेब केला, उत्तर ७५ फेऱ्या आले. शनिवारी सकाळी सात वाजता नऊ मुले आणि चार मुली त्या मारून पाहणार आहेत, आणि वेळ सर स्वतः नोंदवणार आहेत.